सादड्याचं खोरं

मी गाडी चालवायला शिकले ती एक्कावन्नाव्या वर्षी, आणि ती काही हौस म्हणून नाही. आमचे हे भोकरदनच्या शाळेत विज्ञान शिकवतात. मागच्या वर्षी शाळा सुटल्यावर जालन्याच्या बसची वाट बघत स्टँडवर उभे होते, तिथेच फीट येऊन पडले. दुसरी फीट महिन्याभराने घरात आली. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. गाडी चालवायची नाही, पाण्यापाशी, उंचावर एकट्याने जायचं नाही, जागरण नाही, आणि गोळी एकही चुकवायची नाही, असं त्यांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं.

तेव्हापासून आमची गाडी जालन्यात, मस्तगडच्या आमच्या गल्लीत धूळ खात उभी होती. दोनेक महिन्यांनी मी एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. माझ्याबरोबर शिकणारी सगळी वीस-बावीसची पोरं. मी स्टेअरिंग इतकं घट्ट धरायचे की घरी आल्यावर भाकरी थापताना बोटं दुखायची. पण शिकले. लायसन्स आलं त्या दिवशी हे म्हणाले, "आता तू मालक, मी क्लीनर." हसत म्हणाले.

गोळ्यांनी फीट थांबल्या, पण माणूस मंद झाला. जेवता जेवता घास हातात राहायचा. पेपरातलं एकच पान तासभर समोर असायचं. मी सतत त्यांच्याकडे बघत असायचे. फीट यायच्या आधी त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा थरथरतो, हे मला दुसऱ्या वेळी कळलं होतं. त्यामुळे चहा देताना, बोलताना, टीव्ही बघताना माझी नजर त्या अंगठ्यावर. त्यांना ते कळत होतं. कधी कधी ते हात खिशात घालून ठेवायचे.

आमची मुलगी अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोकरी करते. दिवाळीनंतर ती मैत्रिणींबरोबर सात-आठ तास गाडीने वर उत्तरेला गेली होती, रेडवूडच्या जंगलात चालायला. तिथून तिने फोटो पाठवले. एका झाडाच्या खोडाला मोठी ढोली होती आणि त्या ढोलीत ती आणि तिच्या तीन मैत्रिणी उभ्या होत्या, तरी जागा उरली होती. "बाबा, ही झाडं हजार-हजार वर्षांची आहेत," ती फोनवर म्हणाली. "इथं आलं की माणूस हळू बोलायला लागतो."

ह्यांनी तो फोटो किती वेळा बघितला असेल, मोजदाद नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इतका लांबचा विमानप्रवास, झोपेचं खोबरं, सध्या नको. ह्यांनी काही वाद घातला नाही. पण आठ दिवसांनी सकाळी दात घासता घासता म्हणाले, "आपल्याकडंबी जुनी झाडं हायत. सादड्याचं खोरं. मी आन् अक्का मेंढ्या घेऊन जायचो."

ह्यांचं मूळ गाव भोकरदनच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. सासऱ्यांच्या मेंढ्या होत्या. तिथलं घर आता नाही. डोंगरात एक खोरं आहे, त्यात ओढ्याच्या काठाने अर्जुनसादड्याची फार जुनी झाडं आहेत. ते देवाचं रान. तिथली वाळकी फांदीसुद्धा कुणी घरी आणत नाही, म्हणून ती झाडं राहिली, असं हे सांगत होते. सांगताना बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा लागला.

मुलगी म्हणाली, "आई, वेडेपणा करू नकोस. तिथं रेंज असेल का?" डॉक्टरांना मी विचारलंच नाही. ते नको म्हणतील याची मला भीती होती. खरं सांगायचं तर जायचं माझ्याही मनात होतं. जालन्याच्या बाहेर मी एकटीने गाडी कधी काढली नव्हती, आणि मला ती काढायची होती.

माघातला रविवार होता. सकाळी साडेसहाला निघालो. पिशवीत पाणी, भाकरी, ठेचा, टॉवेल, ग्लुकोज आणि डॉक्टरांनी दिलेला नाकात मारायचा स्प्रे. फीट पाच मिनिटांच्या वर गेली तर तो मारायचा. घराबाहेर पडण्याआधी मी ह्यांच्या हातावर सकाळची गोळी ठेवली, पाण्याचा पेला दिला. रोज तसंच करायचे.

वाकडी वाट करून आधी हसनाबादला गेलो, तिथून अक्कांना घ्यायचं होतं. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, ह्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्या दाराशी तयारच उभ्या होत्या, हातात लिंबू. त्यांना गाडी लागते. मागच्या सीटवर बसून त्यांनी लिंबू नाकाशी धरलं आणि मला म्हणाल्या, "बाई, तू चालवून राह्यली का? मंग देवाचं नाव घेते मी."

"घ्या अक्का," मी म्हटलं, "मीपण घेतेय."

रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नाही. एका चढावर मी अशाच एका ट्रॅक्टरच्या मागे अडकले. ओलांडायला धीर होईना आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवून राहिलेला. भोकरदनला बाजारपेठेच्या तोंडाशी गाडी बंद पडली. एकदा, दोनदा. मोटारसायकलवाले दोन्ही बाजूंनी वाकून आत बघत पुढे जात होते. माझ्या पाठीला घाम सुटला.

"क्लच पूर्ण दाब," हे शांतपणे म्हणाले. "घाई न्हाई. कोणी कुठं पळून न्हाई राह्यलं."

गाडी सुरू झाली. मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे टवटवीत होते. दोन-तीन दिवसांपासून ते असे टवटवीत दिसत होते आणि मी मनातल्या मनात खूश होते की शरीराला औषध मानवलं.

पायथ्याच्या गावात ह्यांचे चुलतभाऊ वाट बघत होते. साठीचे, अंगाने काटक, अजून शेळ्या राखतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. हातात काठी, कमरेला कोयता. गाडी त्यांच्या गोठ्यापाशी लावली आणि नऊच्या सुमाराला आम्ही चालायला लागलो. अक्कांचं वय पासष्टीचं, पण पायवाट लागल्यावर त्या पुढे आणि आम्ही मागे. गाडीतल्या अक्का वेगळ्या आणि ह्या वेगळ्या.

पहिला अर्धा तास उघडं माळरान, खुरटी झुडपं, पायाखाली सुटे दगड. मी ह्यांच्या मागोमाग चालत होते, दगडावर त्यांचा पाय पडला की माझा जीव वरखाली. फोन काढून बघितला, रेंजची एकच दांडी होती. पुढच्या वळणावर तीही गेली. एके ठिकाणी वारूळ फोडलेलं होतं. भाऊजींनी काठीने दाखवलं. "अस्वलाचं काम हे. परवा-तरवा आल्तं."

"दिवसा येतं का हो?" मी विचारलं.

"आपलं आपलं फिरतं ते. आपण बोलत जायाचं, म्हंजी त्याला बराबर कळतं."

तिथून पुढे मी बोलत राहिले, काहीबाही. मुलीच्या नोकरीचं, शेजारणीच्या गुडघ्याचं. हे म्हणाले, "अस्वल कंटाळून गेलं असंल आता." अक्का खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही.

मग वाट खाली उतरली आणि खोरं लागलं.

मी सादडा पाहिला नव्हता असं नाही. पण ही झाडं निराळी. ओढ्याच्या दोन्ही काठांनी एकामागे एक उभी. खोडं राखाडी-पांढरी, गुळगुळीत, ठिकठिकाणी साल सुटून खाली गुलाबी अंग दिसणारं. मुळं दगडांना मिठी मारून ओढ्यात उतरलेली. एका झाडाला आम्ही चौघांनी हात धरून वेढा घालून बघितला, तर माझा आणि भाऊजींचा हात पोचेना, मध्ये वावभर, म्हणजे आणखी एका माणसाच्या कवेएवढं खोड उरलं. ओढा वाहत नव्हता, पण डबकी होती आणि त्यांत पाणी स्वच्छ होतं. अक्कांनी पहिल्या झाडापाशी चपला काढल्या. म्हणून आम्हीही काढल्या.

"मोठ्यानं बोलू नका आता," भाऊजी हळूच म्हणाले आणि वर बोट केलं. उंच फांद्यांना खालून आग्या मोहळं लटकत होती, सुपाएवढी, काळी. मी सात मोजली. मधूनच त्यांच्या अंगावरून एक लाट जावी तसं काहीतरी सरकायचं. "बिडीचा धूर, आरडाओरडा, बिलकुल चालत न्हाई. मागं एका बैलाला मारलं यांनी."

म्हणजे आतापर्यंत अस्वलासाठी बोलत यायचं आणि इथून पुढे मोहळासाठी गप्प बसायचं. मी ह्यांना म्हटलं, "बघून झालं ना? निघू या."

ते एका खोडाला तळहात लावून उभे होते. म्हणाले, "मला आज किती साफ दिसून राह्यलं तुला सांगू. पान न् पान. सहा महिन्यांत असं दिसलं न्हाई."

"औषध लागू पडलं म्हणायचं."

ते माझ्याकडे बघेनात. झाडाकडेच बघत म्हणाले, "गोळी घेतली न्हाई मी."

"सकाळची? मी दिली की हातावर."

"नुसती सकाळची न्हाई. बुधवारपासून कोणतीच न्हाई. तू वळली की खिशात टाकायचो. मला हे झोपेत बघायचं नव्हतं."

मला राग आला, आणि वर मोहळं, म्हणून तो सगळा राग कुजबुजत काढायचा. "पाच दिवस? आणि मला इथं घेऊन आलात? फोन लागत नाही, गाव तासाभरावर, आणि मला मेलीला गाडीसुद्धा धड येत नाही..."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "चूक झाली. चल, जाऊ."

खिशातून त्यांनी गोळ्या काढल्या. त्यांना धागे आणि खडूची धूळ चिकटलेली. त्यातली एक मी पुसून त्यांच्या तोंडात घातली, बाटली तोंडाला लावली. आम्ही चपलांकडे वळलो. दहा-बारा पावलं गेलो असू. मी सवयीने बघितलं तर त्यांचा डावा अंगठा हलत होता.

मी त्यांच्या दंडाला धरून खाली ओढलंच. दगडावर पडू नयेत एवढाच विचार. पाचोळ्यात टेकतात न टेकतात तोच अंग ताठ झालं, डोळे वर गेले आणि झटके सुरू झाले. मी घड्याळ बघितलं. दहा वाजून चाळीस मिनिटं.

अक्कांनी तोंड उघडलं आणि भाऊजींनी झटकन त्यांचा हात धरला. "वर बघ," एवढंच ते बोलले. अक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यांच्या गळ्यातून जो आवाज येत होता तो मी अजून विसरले नाही. सख्खा भाऊ पायापाशी तडफडतोय आणि ओरडायची सोय नाही.

मी ह्यांना कुशीवर केलं, टॉवेल घडी करून डोक्याखाली दिला, शर्टाचं वरचं बटण काढलं. अक्का चप्पल आणायला धावल्या, हुंगवायला. परत आल्या तर मी हात आडवा घातला.

"नको अक्का."

"अगं, सगळे देतात. दातखीळ बसली, चमचा घाल, कायतरी घाल."

"काहीच घालायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. फक्त धरा त्यांना, घट्ट नाही, नुसतं धरा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांच्या भावाला मीच मारतेय. पण त्या बसल्या आणि त्यांनी ह्यांचे पाय हलकेच धरले.

एक्केचाळीस. बेचाळीस. मी पिशवीतून स्प्रे काढला, टोपण काढून हातात धरला. भाऊजी थोडे दूर वर बघत उभे होते, मोहळांकडे. त्रेचाळीस. पाच मिनिटं झाल्यावर मारायचं, आधी नाही, हे मी मनात म्हणत होते, आणि पाच मिनिटं झाल्यावरही थांबलं नाही तर काय, हेही मनात येत होतं. चव्वेचाळीस व्हायच्या आत झटके हलके झाले. मग थांबले. मोठा घोरल्यासारखा श्वास आला, तोंडातून फेस आणि थोडं रक्त, जीभ चावली होती. मी टॉवेलने पुसलं. स्प्रेचं टोपण परत लावायला गेले तर ते खाली पडलं, पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. अक्कांनी ते माझ्या हातातून घेऊन लावलं.

ते लगेच शुद्धीवर आले नाहीत. मध्ये एकदा डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पण ओळख नव्हती. "मेंढ्या," असं काहीतरी म्हणाले आणि पुन्हा झोपले. भाऊजी म्हणाले, "उचलून नेऊ? गावातून चार माणसं आणतो."

"शुद्धीवर येऊ द्या आधी," मी म्हटलं. "तोवर तुम्ही गावातून माणसं घेऊन या."

ते गेले. खोऱ्यात अक्का आणि मी राहिलो, माझ्या मांडीवर ह्यांचं डोकं. दोन तास. पुन्हा फीट येईल का, हाच एक विचार. त्यांचा श्वास मोजायचे, थकले की पुन्हा पहिल्यापासून. मधूनच पाचोळा वाजायचा आणि मला अस्वल आठवायचं. एकदा खरंच काही हललं, तर ते वानर होतं. झाडावरून उतरून डबक्यात पाणी पिऊन गेलं, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अक्का अगदी हळू म्हणाल्या, "ह्याच झाडाखाली निजवायची मी त्याला. चार वर्षांचा व्हता. मेंढ्या पाणी पेऊन राह्यल्या की हा निजायचा. मंग मी राखत बसायची, मेंढ्या बी आन् ह्याला बी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू बराबर केलं. मी लई भेले."

मला तेव्हा रडू आलं. आवाज न करता रडणं सोपं नसतं.

ऊन सरकलं तशी खोडं पांढरी दिसायला लागली. माझं लक्ष नव्हतं असं मी म्हणते, पण आता आठवलं की सगळं आठवतं. पाचोळ्यातून मुंग्यांची रांग ह्यांच्या बुटाला वळसा घालून गेली. चप्पल काढायच्या ठिकाणी ह्यांनी बूट काढले होते, ते अक्कांनी आणून शेजारी ठेवले होते. वरून पंख असलेलं एक वाळलेलं फळ गिरक्या घेत आलं आणि ह्यांच्या छातीवर पडलं. मी ते तसंच राहू दिलं.

भाऊजी दोन माणसांना घेऊन परतले तेव्हा हे उठून बसले होते. डोकं दुखत होतं, बोलणं जड होतं, पण मला नावाने हाक मारली. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, दर थोड्या अंतरावर टेकत, ते चालत आले. माळरानावर आल्यावर फोनला रेंज आली आणि मुलीचे अकरा मेसेज एकदम येऊन पडले. मी एकच उत्तर टाकलं, "उतरतोय." ते खोटं नव्हतं.

भोकरदनपर्यंत मी गाडी कशी आणली, मला नीट सांगता येणार नाही. मागे अक्का भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, लिंबाची आठवणही त्यांना नव्हती. बाजारपेठेच्या तोंडाशी गाडी बंद पडली नाही. दवाखान्यात सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, दिवे लागायच्या सुमाराला सोडलं.

जालन्याच्या डॉक्टरांनी दोघांनाही झापलं. ह्यांना गोळ्या बंद केल्याबद्दल, मला न विचारता नेल्याबद्दल. मग त्यांनी ह्यांना विचारलं, "झोप येते, डोकं जड राहतं, हे मला आधी काहून नाही सांगितलं?" हे म्हणाले, "तुम्ही विचारलं न्हाई. आन् हिला सांगितलं असतं तर ही अजून घाबरली असती." डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी बरी आहे. घास हातात राहत नाही. त्यानंतर आजवर फीट नाही, पण हे लिहितानाही मी शेजारच्या लाकडी स्टुलाला हात लावला.

मी हातावर गोळी ठेवणं बंद केलं. त्यांची ते घेतात. घेतली की नाही, हे विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे, आणि आठवड्यातून दोनदा तरी विचारते.

त्यांना खोऱ्यातलं गोळीबद्दल सांगितल्यापर्यंतचं आठवतं. त्यापुढचं थेट दवाखान्यातला पंखा. मधले तास कोरे. परवा जेवण झाल्यावर ते म्हणाले, "मी निजलो व्हतो तवा तुम्ही काय बघितलं ते सांग की."

मी म्हटलं, "तुमचा श्वास बघितला."

"त्याच्याशिवाय."

मग मी वानराचं सांगितलं. मुंग्यांचं सांगितलं. अक्का काय म्हणाल्या तेही सांगितलं. ते ऐकत होते, आणि मी सांगता सांगता थांबले की म्हणायचे, "मंग?"